विश्लेषण : बडतर्फीची शिक्षा न्यायालय कधी बदलू शकते? न्या. गजेंद्रगडकरांनी आखलेली रेषा आजही का महत्त्वाची?

गैरवर्तन सिद्ध झाले म्हणजे नोकरी गेलीच पाहिजे का? चौकशी नीट झाली, पण शिक्षा फारच कठोर वाटते, तर न्यायालय काय करू शकते? या प्रश्नांची भारतातील चौकट घडवण्यात साताऱ्यात जन्मलेल्या एका सरन्यायाधीशांचा मोठा वाटा होता.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर हे आयुध निर्माणीचे गाव. येथे स्फोटके तयार होतात. त्यामुळे खिशात काडेपेटी घेऊन आत जाणे, ही इतर कारखान्यात किरकोळ ठरणारी चूक येथे गंभीर गैरवर्तन ठरू शकते. अशा चुकीसाठी कामगार बडतर्फ झाला, तर त्याच्या हातून केवळ पगार जात नाही. सरकारी सेवेतील बडतर्फीत आधीच्या सेवेवरील निवृत्तिवेतनाचा हक्कही जातो आणि सर्वसाधारणपणे पुन्हा सरकारी नोकरीचे दार बंद होते. म्हणूनच न्यायालय नेमके काय तपासते, हे त्याच्यासाठी महत्त्वाचे असते.

कोण होते न्या. गजेंद्रगडकर?

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी सातारा येथे, संस्कृत पंडितांच्या घराण्यात झाला. धारवाडचे कर्नाटक कॉलेज आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. १९२६ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. हिंदू कायद्यावर त्यांचा विशेष अभ्यास होता. १९४५ मध्ये ते त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि जानेवारी १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १ फेब्रुवारी १९६४ ते मार्च १९६६ या काळात ते सरन्यायाधीश होते.

घरातून संस्कृत आणि धर्मशास्त्राचा वारसा मिळालेल्या या न्यायाधीशांची ओळख पुढे झाली ती मात्र कामगार कायद्याचे शिल्पकार म्हणून.

त्या काळात पेच काय होता?

स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढत होते. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा नवा होता आणि अनेक प्रश्नांवर त्यात स्पष्ट उत्तर नव्हते. मालकाने घरच्या घरी चौकशी करून कामगाराला काढले, तर औद्योगिक न्यायाधिकरणाने सगळे पुरावे पुन्हा तपासायचे का, हा त्यातलाच एक प्रश्न. सगळे पुन्हा तपासले, तर मालकाच्या शिस्तीच्या अधिकाराला अर्थ उरत नाही. काहीच तपासले नाही, तर चौकशी नावापुरती उरते.

सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात मधला मार्ग काढला. हेतू प्रामाणिक नसेल, कामगाराचा सूड घेतला असेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल किंवा निष्कर्षाला पुराव्याचा आधारच नसेल, तरच न्यायाधिकरणाने हस्तक्षेप करावा, असे ठरले.

गजेंद्रगडकरांनी चौकशीबाबत काय ठरवले?

या चौकटीत ‘योग्य चौकशी’ म्हणजे काय, याचा तपशील त्यांच्या निकालांनी भरला. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या १९६३ च्या खटल्यात त्यांनी स्पष्ट केले की ज्याने घटना स्वतः पाहिली, त्यानेच चौकशी अधिकारी होऊ नये. चौकशीची सुरुवात कामगाराच्या उलटतपासणीने करू नये. आधी मालकाने पुरावा द्यावा, मग कामगाराला उत्तर विचारावे. चौकशीची तारीखही त्याला आधी कळवावी.

त्याच वर्षी एका सरकारी अभियंत्याचे प्रकरण त्यांच्यासमोर आले. वरिष्ठाला शंभराची नोट देऊ केल्याच्या संशयावरून त्याला बडतर्फ केले होते, तेही चौकशी अधिकाऱ्याने आरोप सिद्ध होत नसल्याचा अहवाल दिल्यानंतर. सरकार त्या अहवालाला बांधील नाही, हे गजेंद्रगडकरांनी मान्य केले. पण खातेनिहाय चौकशीतही संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे सांगून त्यांनी बडतर्फी टिकू दिली नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये मोतीराम डेका प्रकरणात बहुमताचा निकाल त्यांनी लिहिला. कायम रेल्वे कर्मचाऱ्याला केवळ नोटीस देऊन घरी पाठवण्याची मुभा देणारे नियम त्यात रद्द झाले.

ते नेहमी कामगाराच्या बाजूने होते का?

नाही. १९६४ च्या टाटा ऑइल मिल्स खटल्यात कारखान्याबाहेर सहकाऱ्याला झालेल्या मारहाणीचा प्रश्न होता. न्यायाधिकरणाने कामगाराला परत घेण्याचा दिलेला आदेश त्यांनी रद्द केला. फौजदारी खटला चालू असला तरी कंपनीची चौकशी थांबलीच पाहिजे असे नाही, हेही त्यांनी सांगितले.

चौकशी योग्य असेल, तर न्यायाधिकरणाने अपील न्यायालयासारखे वागू नये, ही त्यांची भूमिका ठाम होती. शिक्षा किती द्यायची, हा प्रश्न त्यामुळे प्रामुख्याने मालकाच्या हातात राहिला.

या भिंतीला एक फट मात्र होती. ते सरन्यायाधीश असतानाच हिंद कन्स्ट्रक्शन कंपनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. १ जानेवारी १९६१ ही सुट्टी रविवारी आली, म्हणून ११ कामगारांनी २ जानेवारीला कामावर न येता सुट्टी घेतली. कंपनीने सर्वांना बडतर्फ केले. कोणताही समंजस मालक एवढी शिक्षा देणार नाही, अशी शिक्षा हाच सूडबुद्धीचा पुरावा मानता येतो, असे न्यायालयाने ठरवले.

१९७१ मध्ये काय बदलले?

निवृत्तीनंतर गजेंद्रगडकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते; आयोगाचा अहवाल १९६९ मध्ये आला. त्यांनी न्यायालयात आखलेली रेषा दोन वर्षांनी संसदेने पुढे सरकवली. औद्योगिक विवाद कायद्यात ‘कलम ११ अ’ आले आणि १५ डिसेंबर १९७१ पासून लागू झाले. आता कामगार न्यायालय पुरावा पुन्हा तपासू शकत होते आणि बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा देऊ शकत होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हा अधिकार ठेवला आहे.

महाराष्ट्राने १९७१ च्या स्वतःच्या कायद्यात, किरकोळ गैरवर्तनासाठी धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. मात्र हा अधिकार अमर्याद नाही. वरिष्ठाला अर्वाच्य शिवीगाळ करणाऱ्या कामगाराला कामगार न्यायालयाने परत घेण्यास सांगितले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या खटल्यात बडतर्फी कायम ठेवली.

जवाहरनगरच्या कामगाराला काय लागू होते?

येथे वाट थोडी अरुंद आहे. निर्माणी २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली, तेव्हा जुने कर्मचारी केंद्र सरकारचे कर्मचारी म्हणूनच तेथे प्रतिनियुक्तीवर गेले. संरक्षण खात्याच्या खर्चातून वेतन घेणाऱ्यांना राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले आहे. त्यामुळे मोतीराम डेका निकालाची ढाल त्यांच्या हाती नाही. त्यांची मदार १९६५ च्या केंद्रीय सेवा नियमांवर असते.

शिक्षेविरुद्ध आधी ४५ दिवसांत खात्याकडे अपील करायचे. तेथे दाद न मिळाल्यास एका वर्षात केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘कॅट’कडे जायचे. त्यानंतर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ.

‘कॅट’ला कामगार न्यायालयाइतका मोकळा हात नाही. १९९५ च्या बी. सी. चतुर्वेदी निकालानुसार, शिक्षा न्यायालयाच्या सदसद्विवेकाला धक्का देणारी असेल तरच हस्तक्षेप होतो. तेव्हाही बहुधा प्रकरण फेरविचारासाठी खात्याकडेच परत जाते. काडेपेटीचा मुद्दा स्फोटकांच्या कारखान्यात कसा पाहिला जाईल, हे त्यामुळे वेगळे सांगायला नको.

म्हणून अशा कामगारासाठी गजेंद्रगडकरांच्या काळातील प्रश्न आजही सर्वात उपयोगी ठरतात. आरोपपत्र स्पष्ट होते का? चौकशी अधिकारी तटस्थ होता का? साक्षीदारांची उलटतपासणी घेऊ दिली का? निष्कर्षामागे पुरावा आहे की केवळ संशय? शिक्षा जास्त झाली हे पटवणे अवघड असते; चौकशी सदोष होती हे कागदपत्रांवरून दाखवता येते. त्यासाठी चौकशीतील प्रत्येक कागदाची प्रत मागून ठेवणे आणि हरकती लेखी नोंदवणे महत्त्वाचे.

गजेंद्रगडकर पुढे १९७१ ते १९७७ विधी आयोगाचे अध्यक्ष होते. १९७२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. १२ जून १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.