विश्लेषण : थेम्सच्या दुर्गंधीतून लंडनला सोडवणारे जोसेफ बॅझलजेट कोण होते?

लंडनमध्ये थेम्सच्या काठाने व्हिक्टोरिया एम्बँकमेंट हा प्रशस्त रस्ता जातो. त्याच्या पोटातून भुयारी रेल्वे धावते आणि शहराचे सांडपाणीही वाहते. नदी, रस्ता आणि गटार यांचा एकत्र विचार करणारी ही रचना जोसेफ बॅझलजेट यांची. मंत्री किंवा महापौर नव्हे, तर एका स्थानिक मंडळाचे मुख्य अभियंता असलेल्या बॅझलजेट यांच्या कामाने हे महानगर बदलले.

गटारांच्या कामाकडे ते कसे वळले?

बॅझलजेट यांचा जन्म 1819 चा, लंडनजवळच्या एनफिल्डचा. सुरुवातीला त्यांनी रेल्वेची कामे केली. अतिकामाने प्रकृती ढासळली आणि काही काळ सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. 1849 मध्ये ते लंडनच्या गटार आयोगात रुजू झाले. तिथले मुख्य अभियंता वारल्यावर 1852 मध्ये ते पद त्यांच्याकडे आले.

थेम्सचा नाला कशामुळे झाला?

गंमत अशी, की हे एका सुधारणेमुळे झाले. घरोघरचे शोषखड्डे बंद करून शौचालये गटारांना जोडण्याचा आदेश निघाला. गटारे मात्र थेट थेम्समध्ये सुटत होती. पूर्वी घराखाली साचणारा मैला आता नदीत जाऊ लागला. भरतीबरोबर तो शहरात परतही येई. अनेकांचे पिण्याचे पाणी याच नदीचे होते. 1853-54 च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनमध्ये दहा हजारांहून अधिक लोक दगावले.

आराखडा होता, मग काम का अडले?

शहराचा कारभार तेव्हा डझनावारी स्थानिक समित्यांत विभागलेला होता. संपूर्ण महानगरासाठी 1855 च्या कायद्याने ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ हे मंडळ स्थापन झाले आणि बॅझलजेट त्याचे मुख्य अभियंता झाले. योजना सोपी होती. नदीला समांतर मोठी गटारे बांधायची, जुन्या गटारांचे पाणी वाटेतच अडवायचे आणि शहराच्या पूर्वेला दूर नेऊन सोडायचे.

पण मोठ्या कामांना सरकारच्या बांधकाम खात्याची मंजुरी बंधनकारक होती. मैला नेमका कुठे सोडायचा, यावर सर बेंजामिन हॉल यांनी आराखडा परत पाठवला. जागा शहराच्या फार जवळ आहे, हा त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. तरी पत्रव्यवहारात दोन वर्षे गेली.

1858 च्या कडक उन्हाळ्यात थेम्सला असह्य दुर्गंधी सुटली. नदीकाठच्या संसदेत चुन्याच्या रसायनात भिजवलेले पडदे लावावे लागले. खासदारांच्या नाकाशी आल्यावर विधेयक मांडून 18 दिवसांत कायदा झाला! सरकारचा नकाराधिकार गेला आणि मंडळाला 30 लाख पौंड कर्ज काढण्याची मुभा मिळाली. त्याला सरकारची हमी होती. परतफेड मात्र लंडनकरांच्या स्थानिक करातून होणार होती. खरा फरक पडला तो इथे. तांत्रिक उपाय आधीपासून कागदावर होताच.

नेमके काय बांधले?

सुमारे 132 किलोमीटर लांबीची मुख्य गटारे. दर मैलाला साधारण दोन फूट उतार ठेवून शक्य तिथे पाणी आपोआप वाहील, अशी व्यवस्था होती. सखल भागांसाठी वाफेवरचे पंप बसवले. विटांच्या बांधकामात तेव्हा नवख्या असलेल्या पोर्टलँड सिमेंटचा वापर झाला आणि मालाच्या तपासणीबाबत बॅझलजेट कमालीचे काटेकोर होते. 1865 मध्ये क्रॉसनेस पंपिंग स्टेशन सुरू झाले.

पुढच्याच वर्षी कॉलरा पुन्हा आला. त्याने थैमान घातले ते मुख्यतः पूर्व लंडनमध्ये. नवी यंत्रणा तिथे पूर्ण व्हायची होती आणि पाणी पुरवणाऱ्या खासगी कंपनीचे पाणी दूषित झाले होते.

एम्बँकमेंटसाठी नदीत भराव टाकून किनारा पुढे सरकवला गेला. त्याचा खर्च कोळसा आणि वाइनवरच्या जकातीतून निघाला. पुढे मंडळाने खासगी पूल विकत घेऊन टोल बंद केले. पटनी, हॅमरस्मिथ आणि बॅटरसी येथे बॅझलजेट यांच्या आराखड्यानुसार नवे पूल उभे राहिले.

मग नदी स्वच्छ झाली का?

शहरापुरती. मैल्यावर प्रक्रिया होत नव्हती. ओहोटीच्या वेळी तो खालच्या अंगाला सोडला जाई. 1878 मध्ये त्याच परिसरात ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी बोट बुडून सहाशेहून अधिक बळी गेले, तेव्हा नदीच्या त्या पाण्याची चर्चा झाली. 1887 पासून गाळ वेगळा काढून जहाजांनी समुद्रात टाकला जाऊ लागला.

बोर्डाची अखेर मात्र बदनामीत झाली. काही सदस्य व अधिकाऱ्यांच्या गैरव्यवहारांची चौकशी लागली आणि 1889 मध्ये त्याच्या जागी थेट निवडून आलेली लंडन काउंटी कौन्सिल आली. बॅझलजेट त्याच वर्षी निवृत्त झाले. 1891 मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांची गटारे आजही वापरात आहेत. सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच गटारातून वाहत असल्याने जोरदार पावसात ती थेम्समध्ये ओसंडत. त्यासाठी नदीखालून 25 किलोमीटरचा नवा बोगदा खणावा लागला. तो 2025 मध्ये पूर्णपणे जोडला गेला.