जॉर्ज फॉरेस्ट व त्यांचे बी गोळा करणारे गडी

इंग्लंड व स्कॉटलंड ह्या देशांतील बागा वसंतऋतूत ज्या फुलांनी भरून जातात, त्यांतील पुष्कळ फुले मूळची त्या देशांची नव्हेत. चीन देशाच्या नैर्ऋत्येस, तिबेट व ब्रह्मदेश ह्यांच्या सरहद्दीला लागून युन्नान नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील रानांतून ती आली. ती आणविणाऱ्यांत जॉर्ज फॉरेस्ट ह्यांचे नाव प्रमुख आहे. परंतु त्यांचे चरित्र सांगताना एकट्या त्यांचे सांगून भागत नाही. कारण ज्या हातांनी ते बी खुडले, ते बहुतेक करून खेड्यातील शेतकऱ्यांचे हात होते.

फॉरेस्ट ह्यांचा जन्म ता. १३ मार्च १८७३ रोजी स्कॉटलंडातील फॉलकर्क ह्या गावी झाला. शाळा सुटल्यावर ते किल्मार्नॉक येथे एका औषधविक्याच्या दुकानी उमेदवारीस राहिले. वनस्पती वाळविणे, त्यांचे गुण ओळखणे व थोडीफार वैद्यकी ही त्यांस तेथे अवगत झाली. पुढे थोडासा वारसा हाती येताच १८९१ साली ते ऑस्ट्रेलियास गेले, आणि सोन्याच्या खाणी व मेंढ्यांची कुरणे ह्यांत दहा वर्षे घालवून १९०२ साली परतले. एडिंबरो येथील रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहावर त्यांस एक लहानशी नोकरी मिळाली. इतक्यात लिव्हरपूलचे कापसाचे व्यापारी बुली ह्यांस चीन देशी पाठविण्याकरिता एक धट्टाकट्टा मनुष्य हवा होता. बागेचे प्रमुख बाल्फोर ह्यांनी फॉरेस्ट ह्यांचे नाव सुचविले, व १९०४ साली ते निघाले.

रानातील बी गोळा करणे म्हणजे काय, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. शेतातील बी माणसाची वाट पाहते. रानातील बी पाहत नाही. वैशाख-ज्येष्ठात डोंगरावर झाड फुललेले दिसले, तर त्या वेळी त्यावर बी नसते. आणि कार्तिक-मार्गशीर्षात बी पिकते, तेव्हा त्यावर फूल नसते. फुलावाचून झाड ओळखावे कसे? म्हणून हंगामाचे काम दोनदा करावे लागे. प्रथम फुलांच्या दिवसांत डोंगर चढून फांदी तोडावयाची, कागदांच्या थरांत दाबून वाळवावयाची, तिला आकडा द्यावयाचा, आणि ते झाड कोठे उभे आहे हे नीट ध्यानात ठेवावयाचे. मग पाच-सहा महिन्यांनी, बर्फ पडू लागण्याच्या सुमारास, पुन्हा त्याच कड्यावर जाऊन त्याच झाडाची बोंडे उतरावयाची. चार दिवस आधी गेले तर बी कच्चे. चार दिवस उशीर झाला तर बोंडे उकलून बी वाऱ्यावर गेलेले. आपल्याकडे तेरड्याचे बोंड बोट लागताच फुटते हे लहान मुलेही जाणतात; तीच गत पुष्कळ रानबियांची. ऱ्होडोडेंड्रॉनचे बी तर खसखशीहूनही बारीक. ते सावलीत वाळवावे, पाखडून स्वच्छ करावे, कागदाच्या पुड्यांत बांधावे, पुडीवर फुलाच्या नमुन्याचाच आकडा घालावा, आणि खेचरांवर लादून ब्रह्मदेशाच्या वाटेने समुद्राकडे धाडावे. एक आकडा चुकला की वर्षाची मेहनत फुकट जाई. हे काम एका साहेबाच्या दोन डोळ्यांनी होण्याजोगे नव्हते, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानी येईलच.

पहिल्याच मोठ्या हंगामात भयंकर संकट ओढवले. १९०५ च्या उन्हाळ्यात फॉरेस्ट आपल्या १७ गड्यांसह मेकाँग नदीच्या वरच्या खोऱ्यात त्सेकू येथील फ्रेंच रोमन कॅथलिक मिशनात उतरले होते. आदल्या वर्षी इंग्रजांची फौज ल्हासापर्यंत चालून गेली होती, व चिनी अंमलदारांनीही सरहद्दीवरील मठांवर दडपण आणले होते. त्यामुळे तेथील लामा परकीयांवर व परकीयांच्या आश्रयास असणाऱ्यांवर अत्यंत क्षुब्ध झाले होते. त्यांचा राग निष्कारण होता असे म्हणता येत नाही. पण तो ज्यांच्यावर कोसळला त्यांनी काही ल्हासा घेतले नव्हते. जुलै महिन्यात एका रात्री दुबर्नार व बूर्दोनेक हे दोन पाद्री, मिशनातील ख्रिस्ती कुटुंबे व फॉरेस्ट ह्यांची मंडळी, मिळून सुमारे ८० माणसे पळून निघाली. वाटेत लामांच्या हत्यारबंद लोकांनी त्यांस गाठले. दोघेही पाद्री मारले गेले. सुमारे ८० पैकी १४ जण निसटले. आणि फॉरेस्ट ह्यांच्या १७ गड्यांपैकी एकच वाचला.

स्वतः फॉरेस्ट आठ-नऊ दिवस रानात लपत फिरले. पायांचे ठसे उमटून माग लागू नये म्हणून त्यांनी बूट टाकून दिले. दिवसा दडावे, रात्री चालावे. खावयास काही कणसे व मूठभर वाटाणे. दोन बाण त्यांच्या टोपीतून आरपार गेले. शेवटी प्राणाची आशा सोडून ते लिसू लोकांच्या एका खेड्यात शिरले, तेव्हा तेथील पाटलाने आपला जीव धोक्यात घालून त्यांस आसरा दिला व वाटाड्ये देऊन बर्फाच्या डोंगरांपलीकडे पोचविले. वाटेत जमिनीत रोवलेली बांबूची अणकुची त्यांच्या पायात आरपार शिरली. घरी तर ते मेल्याची तार गेली होती. जवळजवळ २,००० जातींचे वाळलेले नमुने, ८० जातींचे बी, फोटोच्या काचा, सगळे नाहीसे झाले. त्या नुकसानीची याद छापील चरित्रांतून बारकाईने दिलेली आढळते. १६ गड्यांची नावे मात्र त्या यादीशेजारी शोधूनही सापडत नाहीत. ती माणसेही कोणाची तरी कर्ती माणसे होती.

इतके झाल्यावर दुसरा कोणी स्वदेशी परतला असता. फॉरेस्ट १९०६ साली लिकियांग येथे गेले. त्या गावाच्या उत्तरेस बर्फाच्छादित पर्वताची ओळ असून तिच्या पायथ्याशी नाशी लोकांची खेडी आहेत. ह्याच नाशी शेतकऱ्यांतून त्यांनी नवी टोळी उभारली. तीत झाओ चेंगझांग नावाचे एक हुशार गृहस्थ होते; ते हळूहळू त्या टोळीचे मुकादम झाले. त्या वर्षी मलेरियाच्या तापाने फॉरेस्ट ह्यांस डोंगर सोडून तालीफू शहरी जाणे भाग पडले. टोळी मागे राहिली. आणि धनी जवळ नसतानाही तिने काम चालू ठेविले. आमच्या मते फॉरेस्ट ह्यांच्या आयुष्यातील खरा फेरा हाच. ज्यास सर्व काही आपणच पाहावे असे वाटत होते, त्यास आजारपणाने विश्वास टाकावयास शिकविले.

पुढे त्यांची रीत ठरून गेली. टोळीचे लहान लहान तांडे करून ते निरनिराळ्या दिशांस पाठवावे, कोणता डोंगर केव्हा धरावयाचा हे झाओ व इतर जाणत्या गड्यांशी बोलून ठरवावे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तांडे परत आले म्हणजे आणलेला माल तपासून आकडे घालावे. पुढल्या वर्षांत तर दूरदूरच्या घाटांतून झाओ स्वतः तांडे घेऊन जात व फॉरेस्ट तळावर राहात. एकाच खेड्यातील माणसे पंचवीस वर्षे टिकून राहिली, हे केवळ रोजगारामुळे घडते असे नाही. औषधविक्याच्या दुकानी शिकलेली विद्या येथे उपयोगी पडली. देवीच्या साथीने त्या डोंगरांत फार माणसे मरत. फॉरेस्ट ह्यांनी पदरच्या पैशाने लस मागवून हजारो लोकांस देवी टोचल्या.

१९०४ पासून १९३२ पर्यंत त्यांच्या एकंदर सात सफरी झाल्या. बुली ह्यांशी पैशाच्या कारणाने बिनसल्यावर कॉर्नवॉलचे जे. सी. विल्यम्स व इतर बागशौकी धनिक ह्यांनी खर्च सोसला. निळेभोर जेन्शियन, कुंडीत फुलणारी नाजूक प्रिम्युला, सालवीन खोऱ्यातील कॅमेलिया, आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या कितीतरी जाती ह्या सफरींतून विलायतेस गेल्या. एडिंबरोच्या संग्रहात त्यांच्या नावावर सुमारे ३१,००० नमुने जमा झाले. १९१९ साली ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर सुमारे ८० फूट उंचीचा ऱ्होडोडेंड्रॉन वृक्ष सापडला. तेव्हा पुरावा म्हणून तो तोडून बुंध्याची चकती स्वदेशी पाठविली. तिची वलये मोजता त्याचे वय २८० वर्षे ठरले. बी घेऊन झाड उभे ठेवणारे हात त्या दिवशी कुऱ्हाड घेऊन गेले, हे वाचून मन थोडे खट्टू होते.

सातवी सफर शेवटचीच, असे त्यांनी ठरविले होते. १९३१ चा हंगाम असा साधला की पूर्वी कधी साधला नव्हता. मनात धरलेले बहुतेक सर्व बी तांड्यांनी आणून टाकले. ४००-५०० जातींचे, दोन खेचरांचे ओझे होईल इतके स्वच्छ बी बांधावयाचे होते. ता. ५ जानेवारी १९३२ रोजी फॉरेस्ट तेंगयुए गावाबाहेर पाखरांच्या शिकारीस गेले असता हृदय बंद पडून कोसळले, व तेथेच त्यांचा अंत झाला. वय ५८ वर्षांचे होते. लिटन नावाचे इंग्रज वकील त्यांचे पहिल्या सफरीतील सोबती होते, ते १९०६ सालीच वारले होते. त्यांच्या कबरेशेजारी फॉरेस्ट ह्यांस पुरले.

त्यांनी धाडलेल्या बियांच्या पुड्यांवर जो आकडा असे, त्याच्या आधी फॉरेस्ट ह्यांच्याच नावाचे आद्याक्षर असे; आजही बागांच्या नोंदींत ते तसेच लिहितात. झाओ चेंगझांग व त्यांचे सोबती ह्यांचा वाटा किती मोठा होता, हे विद्वान लोक अलीकडे जुने कागद चाळून दाखवू लागले आहेत. फॉरेस्ट गेल्यावर वेल्समधील बॉडनंट बागेचे धनी हेन्री मॅक्लारेन ह्यांनी त्याच टोळीस कामावर ठेविले. साहेब बरोबर नव्हता. पुढच्या हंगामांत बी मात्र पूर्वीसारखेच डोंगरावरून उतरत राहिले.