रॉल्फ सिव्हर्ट

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे १९१० साली रेडियमहेमेट नावाचे रुग्णालय स्थापन झाले. रेडियमच्या किरणांनी कर्करोगावर उपचार करणे, हे त्याचे कार्य. गर्भाशयाच्या मुखाशी होणाऱ्या कर्करोगाने त्या काळी असंख्य स्त्रिया दगावत. येथील डॉक्टर बारीक नळ्यांत भरलेले रेडियम रोगाच्या जागी ठेवीत, काही तासांनी काढून घेत आणि काही दिवसांनी पुन्हा ठेवीत. या उपचाराने पुष्कळ स्त्रिया बऱ्या झाल्या. परंतु गर्भाशयाला लागून पुढे मूत्राशय व मागे मलाशय असते. किरण अधिक झाले, तर या निरोगी अवयवांना जखमा होत. कमी पडले, तर रोग उलटे. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला जाणवत नाहीत. मग त्यांची मात्रा ठरवावी कशी?

या प्रश्नाला आपले आयुष्य वाहणारे शास्त्रज्ञ म्हणजे रॉल्फ सिव्हर्ट. त्यांचा जन्म स्टॉकहोम येथे ६ मे १८९६ रोजी झाला. वडील जर्मनीहून येऊन स्थायिक झालेले; विजेच्या तारा तयार करण्याचा त्यांचा मोठा कारखाना होता. घरी संपत्ती विपुल होती. मुलाने कारखानाच सांभाळला असता, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. पण सिव्हर्ट यांचा ओढा पदार्थविज्ञानाकडे होता. ते रेडियमहेमेटमध्ये आले आणि प्रारंभी वेतन न घेता काम करू लागले.

दिव्यापासून दूर जावे तसतसा उजेड मंदावतो; दुप्पट अंतरावर तो चौथाई उरतो. रेडियम एका बिंदूत मावले असते, तर हाच नियम पुरला असता. पण ते असे लांबट नळीत. नळीच्या निरनिराळ्या भागांतून निघणारे किरण निरनिराळे अंतर तोडून एका जागी पोहोचतात. शिवाय जो किरण नळीच्या भिंतीतून तिरपा बाहेर पडतो, त्याला धातूचा जाड थर ओलांडावा लागतो व तो अधिक क्षीण होतो. या साऱ्याची बेरीज करणारे सूत्र सिव्हर्ट यांनी १९२१ साली प्रसिद्ध केले. नळीपासून अमुक अंतरावर किती किरण पोहोचतील, हे आता रोग्यावर उपचार सुरू होण्यापूर्वीच कागदावर काढता येऊ लागले.

केवळ कागदावरच्या हिशेबावर विसंबून राहणे मात्र सिव्हर्ट यांना मान्य नव्हते. अरुंद जागेतही किरण मोजता यावेत, म्हणून त्यांनी लहान लहान मापनयंत्रे तयार केली. त्या काळी अनेक डॉक्टर कातडी किती लाल झाली यावरून क्ष-किरणांची मात्रा अजमावीत. एका रुग्णालयातील मात्रा दुसऱ्या रुग्णालयातील मात्रेशी जुळेल, याची शाश्वती नसे. म्हणून सिव्हर्ट आपली यंत्रे घेऊन स्वीडनमधील रुग्णालयांत स्वतः जात आणि तेथील उपकरणे तपासून देत. दुसऱ्याच्या कामाची तपासणी करणारा माणूस सहसा कोणाला आवडत नाही. तरीही हे काम त्यांनी चालू ठेवले.

१९२८ साली स्टॉकहोम येथे क्ष-किरणतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. किरण मोजण्याचे एक समान एकक तेथे ठरले. किरणांपासून संरक्षणाचे नियम करणारी समितीही तेथेच नेमण्यात आली व तिचे अध्यक्षपद बत्तीस वर्षांच्या सिव्हर्ट यांच्याकडे आले. १९४१ साली स्वीडनने किरणांपासून संरक्षणाचा कायदा केला. त्याच वर्षी सिव्हर्ट प्राध्यापक झाले.

३ ऑक्टोबर १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. किरणांपासून शरीराला किती अपाय संभवतो, हे मोजण्याच्या एककाला १९७९ साली ‘सिव्हर्ट’ हे नाव देण्यात आले.