संत जोसेफ वाझ : बंद दारांपुढे न खचलेला धर्मगुरू



१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा स्मृतिदिन. गोव्यात आणि श्रीलंकेत हा सण मोठ्या भक्तिभावाने साजरा होतो. आपल्याकडे वऱ्हाडात मात्र या संताची ओळख त्या मानाने कमी आहे. खरे पाहता बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्यासारख्या विखुरलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना ते फार जवळचे वाटावेत. आपल्यापैकी कित्येकांच्या गावात ख्रिस्ती घरे दोन-चारच असतात. मिस्साबलिदानासाठी एस. टी. गाठून दूर जावे लागते. एखाद्या वर्षी पावसाने दगा दिला, घरात आजारपण आले किंवा मुलाची नोकरी सुटली, म्हणजे आपण एकटे पडलो असे वाटू लागते. प्रार्थना करूनही काही घडत नाही, मग कशासाठी करायची, असा प्रश्न मनात येतो. अशा वेळी श्रद्धेत टिकून राहायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे जोसेफ वाझ यांच्या जीवनातून शिकण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील सासष्टी भागात, बाणावली या आईच्या गावी झाला. वडिलांचे घर सांकवाळ येथे होते. वडील क्रिस्तोव्हाव वाझ आणि आई मारिया द मिरांडा हे दोघेही भाविक होते. जोसेफ यांचे सुरुवातीचे शिक्षण सांकवाळ व बाणावली येथे आणि पुढचे जुन्या गोव्यात झाले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी पवित्र मरियेचा गुलाम म्हणून स्वतःला वाहून घेणारे एक पत्र लिहून त्यावर सही केली. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. आपण स्वतःचे मालक नाही, ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी मनाशी पक्की केली आणि शेवटपर्यंत निभावली.

त्या काळी सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, ख्रिस्ती लोकांवर मोठे संकट आले होते. डचांनी पोर्तुगीजांकडून १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना जिंकून घेतले. डच हे कॅल्विन पंथाचे होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बेटाबाहेर घालवले आणि धर्मगुरूला घरात आश्रय देणाऱ्याला देहांताची शिक्षा जाहीर केली. चर्चेस ताब्यात घेतली. मुलांचे बाप्तिस्मे आणि लग्ने डच चर्चमध्येच करावीत अशी सक्ती झाली. जवळजवळ ३० वर्षे तिथल्या कॅथलिकांना धर्मगुरूचे दर्शन नव्हते. ना मिस्सा, ना पापनिवेदन, ना मरणाऱ्याला तैलाभ्यंग. अनेकांनी बाहेरून डच पंथाचा देखावा स्वीकारला, पण घरात, दार लावून, जपमाळ चालू ठेवली.

ही हकिकत गोव्यात फादर जोसेफ यांच्या कानी आली आणि तिकडे जायचे असे त्यांनी ठरवले. परंतु वरिष्ठांनी त्यांना पाठवले कर्नाटकच्या किनाऱ्यावर, कानडा प्रांतात. मनात सिलोन आणि आज्ञा कानड्याची! १६८१ ते १६८४ अशी तीन वर्षे त्यांनी मंगळूर, बसरूर, गंगोळी अशा गावांतून पायी फिरून सेवा केली. तिथेही वाट सोपी नव्हती. पोर्तुगीज राजाच्या अधिकारातले धर्माधिकारी आणि रोमने नेमलेले अधिकारी यांच्यात हक्कावरून तंटा पेटला होता. कोणाचे ऐकावे, कोणाकडून संस्कार घ्यावेत, या गोंधळात सामान्य माणूस पिचत होता. फादर जोसेफ यांनी दोन्ही बाजूंशी नम्रतेने वागून तेढ कमी करण्याचा प्रयत्न केला. आपल्याला हवे ते काम मिळाले नाही म्हणून मिळालेल्या कामात त्यांनी हयगय केली नाही.

गोव्यात परतल्यावरही सिलोनचा मार्ग लगेच मोकळा झाला नाही. त्या काळात युरोपीय धर्मसंघांमध्ये गोवेकर तरुणांना सहसा प्रवेश मिळत नसे. काही गोवेकर धर्मगुरू जुन्या गोव्यातील चमत्कारी क्रुसाच्या चर्चपाशी एकत्र राहून प्रार्थनेचे जीवन जगू पाहत होते. १६८५ साली फादर जोसेफ त्यांना जाऊन मिळाले आणि त्यांचे प्रमुख झाले. यातूनच संत फिलिप नेरी यांच्या नियमाने चालणारा गोव्याचा ओरेटरी संघ उभा राहिला. दुसऱ्यांनी दार उघडले नाही म्हणून कुढत न बसता या मंडळींनी आपल्याच भूमीत झोपडीसारखे का होईना, पण स्वतःचे घर बांधले. पुढे सिलोनला मिशनरी पुरवले ते याच घराने.

अखेर १६८६ साली त्यांना जाण्याची परवानगी मिळाली. किनाऱ्याकिनाऱ्याने ते दक्षिणेत तुतिकोरिनला पोचले. सोबत जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. १६८७ च्या पुनरुत्थान सणाच्या सुमारास दोघेही मजुरांच्या वेशात जहाजावर चढले. वादळाने जहाज भरकटले, खाण्यापिण्याचे हाल झाले आणि शेवटी ते जाफन्याला पोचले तेव्हा फादर जोसेफ हगवणीने इतके आजारी होते की उभे राहणेही कठीण. रोग पसरेल या भीतीने लोक त्यांना जवळ करीनात. दोघांना उघड्यावर पडून राहावे लागले. एका दयाळू बाईने आणून दिलेल्या पेजेवर ते जगले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्या लोकांसाठी सारे सोडून आले, त्यांच्या गावी पहिले दिवस असे गेले!

थोडी ताकद आल्यावर त्यांनी काय केले? गळ्यात जपमाळ घातली, हातात भिक्षेचे भांडे घेतले आणि दारोदार फिरू लागले. कोण कॅथलिक आहे हे उघड विचारणे धोक्याचे होते. ते फक्त पाहत असत, जपमाळेवर कोणाची नजर थांबते, कोणाचे डोळे ओलावतात. अशा रीतीने एक एक घर सापडत गेले. लोकांनीही त्यांची नीट पारख केली, कारण चुकीच्या माणसावर विश्वास टाकला तर जिवावर बेतणार होते. खात्री पटल्यावर त्यांना जाफन्याजवळच्या सिल्लालई गावी नेण्यात आले. तिथे रात्रीच्या अंधारात मिस्सा होऊ लागले. ज्यांची मुले मोठी झाली तरी ज्यांनी धर्मगुरू पाहिला नव्हता, अशी माणसे पापनिवेदनासाठी रांगेत बसू लागली.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबून विचार करू या. फादर जोसेफ यांना जी श्रद्धा सापडली, ती त्यांनी पेरलेली नव्हती. ती कोणी राखली होती? ज्या आयांनी मुलांना झोपण्याआधी क्रुसाची खूण करायला शिकवले, ज्या म्हाताऱ्यांनी प्रार्थना तोंडपाठ ठेवल्या, ज्या घरांनी जपमाळ टाकून दिली नाही, त्यांनी. त्या घरांनी ३० वर्षे तग धरला नसता, तर जपमाळ घालून फिरणाऱ्या त्या भिकाऱ्याला कोणी ओळखलेच नसते.

पण टिकून राहिले म्हणजे सारे सुरळीत होते असेही नाही. १६८९ च्या नाताळच्या रात्री डच शिपायांनी जाफन्यात धाडी घातल्या. मिस्सासाठी जमलेले सुमारे ३०० कॅथलिक पकडले गेले. फादर जोसेफ त्यांच्या हाती लागले नाहीत, पण त्यांच्या लोकांनी फटके खाल्ले, दंड भरले, काहींनी छळ सोसून प्राण सोडले. आपल्या प्रार्थनांचे उत्तर आपल्याला हवे तसे नेहमी मिळत नाही, हे या संतालाही सोसावे लागले. त्या दुःखासह ते पुढे निघाले आणि दक्षिणेला पुट्टलम येथे, कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात आले.

१६९२ साली ते राजधानी कँडीकडे निघाले. राजाच्या पदरी असलेल्या एका फ्रेंच कॅल्विनपंथीयाने ते पोर्तुगीजांचे हेर असल्याची तक्रार केली. झाले, स्वागताऐवजी बेड्या! तुरुंगात त्यांनी प्रार्थना केली आणि सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा सैल झाल्यावर तिथेच एक लहानशी झोपडी उभारून तिचे चर्च केले. हळूहळू शहरातले कॅथलिक तिथे येऊ लागले. बाहेर हिंडायची मोकळीक नाही म्हटल्यावर त्यांनी तुरुंगालाच धर्मग्राम बनवले.

पुढे कँडीत कडक दुष्काळ पडला. पावसासाठी इतर सर्व उपाय करून झाल्यावर राजा विमलधर्मसूर्य दुसरा यांनी फादर जोसेफ यांनाही प्रार्थना करायला सांगितले. परंपरा अशी की त्यांनी चौकात वेदी मांडून, तिच्यावर क्रूस ठेवून गुडघे टेकले आणि भरपूर पाऊस आला; वेदी आणि ते स्वतः मात्र कोरडे राहिले. राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणी फिरण्याची व धर्मकार्य करण्याची मुभा दिली. आभाळाकडे डोळे लावून बसणे काय असते हे आपल्या कास्तकारांना सांगायला नको. आपल्या प्रार्थनेनंतर दरवेळी पाऊस येतोच असे नाही. फादर जोसेफ यांच्याही पावसाआधीची कैक वर्षे कोरडीच गेली होती, हे विसरता कामा नये.

१६९७ साली कँडीत देवीची साथ आली. रोग्यांना घरचेच लोक रानात नेऊन सोडू लागले. राजानेही शहर सोडले. फादर जोसेफ यांनी शहर सोडले नाही. सुमारे नऊ वर्षे ते त्या बेटावर एकटे धर्मगुरू होते. नुकतेच गोव्याहून त्यांचे ओरेटरीचे सोबती येऊन मिळाले होते. त्यांपैकी फादर जोसेफ कार्व्हाल्यो यांना घेऊन ते आजाऱ्यांच्या सेवेला लागले. जखमा धुणे, पेज भरवणे, झोपड्या साफ करणे, मृतांना मूठमाती देणे, ही सारी कामे त्यांनी आपल्या हातांनी केली. रोगी ख्रिस्ती की बौद्ध हे पाहिले नाही. दुष्काळात आकाशाकडे जोडलेले हात साथीत रोग्याच्या उशाशी राबले. त्यांची प्रार्थना आणि त्यांचे काम कधी वेगळे नव्हते.

मान-सन्मानाची संधीही आली. त्यांना बिशपपद देऊ करण्यात आले, ते त्यांनी नाकारले. पायी प्रवास, वेश बदलून डचांच्या मुलखातील लपलेल्या कुटुंबांना भेटी, हे काम अखेरपर्यंत चालू राहिले. त्यांच्या सोबत्यांपैकी फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत धर्मपर पुस्तके लिहून लोकांच्या हाती दिली. अतिश्रमाने शरीर थकले आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे फादर जोसेफ वाझ यांनी देह ठेवला. वय ५९ वर्षे. गोव्यातून निघाल्यावर ते पुन्हा कधी घरी परतले नाहीत. त्यांना नेमके कुठे पुरले ती जागाही आज सापडत नाही. पण त्यांनी जपलेली ख्रिस्तसभा आहे! २१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबो येथे त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी त्याच शहरात पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

या जीवनाकडे पाहिले म्हणजे लक्षात येते की टिकून राहणे म्हणजे एकदाच काहीतरी अचाट करून दाखवणे नव्हे. सिलोनचे दार बंद, तर कानड्यात सेवा. धर्मसंघात प्रवेश नाही, तर आपले घर आपण बांधणे. चालवत नाही, तर भिकाऱ्याच्या वेशात एकेक दार. तुरुंग, तर तिथे भाषा शिकणे. दरवेळी त्यांनी त्या दिवशी हाताशी असलेले छोटे काम उचलले आणि उरलेले देवावर सोपवले.

आपल्यालाही आज एवढेच करायचे आहे. एखाद्या रविवारी मिस्साला जाता आले नाही, तर त्या दिवशी घरातल्या सर्वांनी मिळून शुभवर्तमान वाचावे. जपमाळ खुंटीला टांगलेली असेल तर ती रात्री जेवणानंतर खाली काढावी. ज्या घरी आजारी माणूस आहे, कर्जाची चिंता आहे, त्या घरी आपल्यातल्या कोणीतरी जाऊन बसावे; ते घर ख्रिस्ती आहे की नाही हे पाहू नये. ज्यांची श्रद्धा थकली आहे त्यांनी लाजू नये. पेजेवर जगण्याची वेळ या संतावरही आली होती. आपली मुले पुण्या-मुंबईला गेली, तरी घरी शिकलेली क्रुसाची खूण त्यांच्या कपाळावरून पुसली जाणार नाही, याची काळजी आपण इथे, आपल्या ओट्यावर घ्यायची आहे.

संत जोसेफ वाझ, आमच्या गावोगावच्या एकट्या घरांसाठी प्रभू येशूकडे मध्यस्थी करा. दार उघडेपर्यंत वाट पाहण्याचे आणि वाट पाहताना सेवा करण्याचे बळ आम्हाला मिळो. आमेन.