थिओडोर बोव्हेरी: कॅन्सरचं मूळ क्रोमोझोममध्ये शोधणारा माणूस

ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, जीन्समधल्या बदलांमुळे होतो हे आज मोबाईलवर दोन सेकंदात सापडतं. पण शंभरेक वर्षांपूर्वी ज्यांनी हा धागा पकडला, ते थिओडोर बोव्हेरी कॅन्सरचे डॉक्टर नव्हते. ते प्राण्यांच्या अंड्यांचा अभ्यास करायचे. म्हणूनच मला त्यांची गोष्ट भारी वाटते.

बोव्हेरी यांचा जन्म १८६२ साली जर्मनीतल्या बामबेर्ग इथे झाला. १८९३ पासून ते व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक होते. इटलीत नेपल्सच्या संशोधन केंद्रात जाऊन ते सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याची अंडी मायक्रोस्कोपखाली बघायचे. एकाच अंड्यात दोन शुक्राणू शिरले की पेशी विभागताना क्रोमोझोमची वाटणी बिघडायची. कुणाला जास्त, कुणाला कमी. अशा अंड्यांतून बहुतेक वेळा धड जीव तयारच व्हायचा नाही. १९०२ मध्ये त्यांनी निष्कर्ष काढला, की प्रत्येक क्रोमोझोमचं काम वेगळं असतं आणि पेशीला पूर्ण सेट लागतोच.

मग त्यांनी मोठी उडी मारली. क्रोमोझोम बिघडलेल्या एकाच पेशीपासून कॅन्सर सुरू होतो, असं त्यांनी १९१४ च्या पुस्तकात मांडलं. हे सिद्ध करायला तेव्हा साधनंच नव्हती. तब्येतही साथ देत नव्हती. १९१५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी ते गेले. पुढे १९२९ मध्ये त्यांच्या पत्नी, जीवशास्त्रज्ञ मार्सेला बोव्हेरी यांनी केलेलं पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर आलं.

ठोस पुरावा मिळाला तो ल्युकेमियात. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएल या प्रकारच्या ल्युकेमियात एक क्रोमोझोम आखूड दिसला. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोझोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यातून दोन जीन्स चिकटून बीसीआर-एबीएल हा नवा जीन बनतो. त्याचं प्रोटीन म्हणजे कायम ऑन राहिलेलं बटण, त्यामुळे पेशी वाढतच राहतात. शिवाय बोन मॅरोला धरून राहण्याची त्यांची पकड सैल होते. म्हणून कच्च्या पेशी वेळेआधीच रक्तात येतात आणि प्लीहेत शिरतात.

हेच बटण बंद करणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झाली. एकेकाळी जीवघेणा असलेला सीएमएल आता अनेक जण रोज गोळी घेऊन आटोक्यात ठेवतात. आज एखाद्या रिपोर्टवर बीसीआर-एबीएल लिहिलेलं दिसलं, तर समजा, बोव्हेरी यांनी बांधलेला अंदाजच तिथे तपासला गेलाय.