बाजारात विकला गेलेला पोरगा दख्खनमध्ये आला आणि एक शहर वसवून गेला

आजचं छत्रपती संभाजीनगर. त्याआधी औरंगाबाद, त्याआधी फतेहनगर आणि सगळ्यात आधी खडकी. या खडकी गावाचं शहर केलं ते मलिक अंबरनं.

मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा, म्हणजे तेव्हाच्या हबसाणातला. जन्म साधारण १५४८ चा. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या बाजारातून फिरत फिरत तो अहमदनगरला पोहोचला. तिथं त्याला विकत घेतलं निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं. विशेष म्हणजे हा चंगेजखानसुद्धा हबशीच होता. कारभार कसा चालतो, फौज कशी राखतात, हे अंबर त्याच्याच हाताखाली शिकला.

मालक वारल्यावर अंबरची गुलामीतून सुटका झाली. मग त्यानं स्वतःची तुकडी उभी केली.

१६०० साली अकबराच्या फौजेनं अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. पण अंबरनं निजामशाही घराण्यातला एक वारस शोधला, त्याला परांड्याला गादीवर बसवलं आणि राज्य पुन्हा उभं केलं.

मोगलांची फौज मोठी, तोफखाना मोठा. समोरासमोर लढून टिकाव लागणार नाही हे अंबरला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यानं गनिमी कावा वापरला. रसद तोडायची, छापा टाकायचा आणि डोंगरात पसार व्हायचं. यात त्याला मोठी साथ होती मराठा घोडदळाची. जहांगीर तर इतका वैतागला की अंबरचं मुंडकं भाल्यावर लावलंय आणि आपण त्यावर बाण सोडतोय, असं चित्र त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर कधीच त्याच्या हाती लागला नाही.

१६१० च्या सुमारास अंबरनं खडकीला राजधानी केलं. प्रश्न होता पाण्याचा. त्यानं डोंगराच्या पायथ्याला झिरपणारं पाणी जमिनीखालच्या नहरीत घेतलं आणि निव्वळ उताराच्या जोरावर शहरात आणलं. ना मोट, ना रहाट. हीच ती नहर-ए-अंबरी. पुढं मोगलांनी खडकी जाळली, पण शहर पुन्हा उभं राहिलं.

१६२४ ला भातवडीत मोगल आणि आदिलशाही एकत्र चालून आले. अंबरनं तलावाचं पाणी सोडून त्यांची छावणी चिखलात रुतवली आणि लढाई मारली. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूनं लढले, तर त्यांचे भाऊ शरीफजी इथंच कामी आले.

१६२६ साली अंबर वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे. त्यानंतर दहा वर्षांत निजामशाही बुडाली.

शहराचं नाव पुढं तीनदा बदललं. त्यात अंबरचं नाव कधीच आलं नाही. ते टिकलं फक्त त्याच्या नहरीला.