डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर

शेतांत अनवाणी चालतांना पायांत कांटा मोडला, तर आपण तो सुईनें काढून पुन्हां कामास लागतों. परंतु क्वचित् प्रसंगीं त्या कांट्याबरोबर मातींतील बुरशी आंत शिरते. मग पाऊल वर्षानुवर्षें सुजत जातें, त्यास छिद्रें पडतात व त्यांतून काळे कण बाहेर येतात. या रोगाचा उलगडा करण्यास ज्यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें वेंचलीं, त्या डॉ. कार्टर यांचें हें अल्प चरित्र.

त्यांचा जन्म सन १८३१ मध्यें इंग्लंडांतील हल येथें एका चित्रकाराच्या घरीं झाला. ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरील विख्यात ग्रंथांतील चित्रें त्यांच्याच हातचीं होत. तो ग्रंथ १८५८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं ते मुंबईस आले. ग्रंथ ग्रे यांच्या नांवानें गाजला, चित्रकार मात्र मागें राहिला.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते अध्यापक झाले. रोगग्रस्त पावलांतील कण त्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, हा रोग बुरशीपासून होतो असें प्रतिपादिलें व त्यास मायसेटोमा हें नांव दिलें. १८७४ सालीं त्यावर त्यांचा सचित्र ग्रंथ निघाला. मध्यंतरीं ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोगाच्या अभ्यासार्थ ते नॉर्वेसही जाऊन आले. १८८८ सालीं ते सेवानिवृत्त झाले व १८९७ सालीं क्षयानें निवर्तले.

या रोगाचा एक प्रकार बुरशीमुळें नव्हे, तर जंतूंमुळें होतो, हें पुढें सिद्ध झालें. तसेंच, बुरशी शरीरांत शिरल्यावर सूज कां येते, हेंही कार्टर यांच्या पश्चात् उमगलें. बुरशीच्या पेशीभोंवतीं शर्करेच्या सांखळ्यांची भिंत असते. त्यांपैकीं बीटा-ग्लुकन ही शर्करा आपल्या रक्षक पेशी डेक्टिन-१ नामक ग्राहकानें ओळखतात, असें २००१ सालीं दिसून आलें. ओळख पटतांच त्या इतर पेशींस हांक देतात. रक्त धांवून येतें व दाह उत्पन्न होतो. शत्रु मेला, तर दाह शमतो. तो कणांत दडून राहिला, तर तोच दाह दीर्घकाळ टिकून स्वतःच्याच मांसाची व हाडांची हानि करतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१६ सालीं या रोगास उपेक्षित रोगांच्या यादींत घेतलें. ज्यांच्या पायांत जोडा नाहीं, त्यांनाच तो बहुधा गांठतो. प्रभु येशूनें शिष्यांचे पाय धुतले. कार्टर यांनीं गरीब शेतकऱ्यांचीं पावलें निरखिलीं. आपण निदान कांट्याची जखम धुवावी, सूज लपवूं नये व वेळींच वैद्याकडे जावें.